गच्चीवरचा किरणोत्सर्ग

त्या पत्रकातली एक ओळ मी स्वतःच्या हाताने खोडली होती. ‘टॉवरमधून येणाऱ्या लहरींमध्ये अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा नसते, परंतु आम्हाला न विचारता आमच्या डोक्यावर काहीही बसवण्याचा अधिकार कोणालाही नाही.’ अख्ख्या पत्रकात तेवढी एकच ओळ पूर्ण खरी होती. तिच्यात ‘परंतु’ होतं म्हणून मी तिच्यावर आडवी रेघ मारली. आमच्या घरात पत्रकात ‘परंतु’ चालत नाही.

हा नियम पप्पांचा. पप्पा जालन्याकडून मुंबईत आले आणि एका छापखान्यात बाइंडर म्हणून लागले. दिवसा दुसऱ्यांची पुस्तकं शिवायची आणि संध्याकाळी आपली पत्रकं लिहायची. पाण्याचं पत्रक, शाळेचं पत्रक, वस्ती उठवून कारखान्यांच्या धुरात पाठवणार होते तेव्हा ‘आम्हाला माहुलला जायचं नाही’ हे पत्रक. मी पहिली अक्षरं गिरवली ती या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर. पुढच्या बाजूला ‘जाहीर निषेध’, मागच्या बाजूला माझा वाकडा ‘ज’. पप्पा सांगायचे, पत्रक म्हणजे निबंध नव्हे. माणूस बसमधून उतरून घरी पोचेपर्यंत ते वाचून झालं पाहिजे, आणि घरी पोचेपर्यंत त्याला राग आला पाहिजे. एका पत्रकात एकच शत्रू, एकच मागणी, सभेची वेळ. संशय असेल तर सभेत बोला, कागदावर नको.

मला हे पटायचं. अजूनही बरंचसं पटतं. ज्यांच्याकडे वकील नाही, ओळख नाही, त्यांच्याकडे एक कागद तरी असावा.

शेजारच्या मावशीला मी याच पत्रकांवर वाचायला शिकवलं. नात्याने ती आमची कोणी नव्हती. घाटकोपर पूर्वेच्या जुन्या वस्तीत तिची खोली आमच्या भिंतीला लागून होती, आणि वस्ती तोडून सात मजली इमारत झाली तेव्हा योगायोगाने दारही शेजारीच आलं. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मी सातवीत असताना एकदा तिने मला विचारलं, “हे रोज वाटता तुम्ही, लोकं वाचतात, हसतात, भांडतात. मला पण कळू दे की काय लिहिलंय.” बालभारतीचं पुस्तक तिला बारीक वाटायचं. पत्रकातली अक्षरं जाड. बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून ती वाचायची, आणि शब्द लागला की मोठ्याने म्हणायची, जणू भाजीवालीला भाव पाडायला लावला. दीड वर्षात ती सगळे मथळे वाचू लागली. छापलेल्या शब्दावर तिचा जो विश्वास होता, तसा मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. “तोंडाचं काय, तोंड फिरतं,” ती म्हणायची. “कागद फिरत नाही.”

मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं. मुलुंडच्या एका क्लासमध्ये सकाळी शिकवते, आणि आमच्या विहाराच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी अकरावीच्या मुलांना फुकट शिकवते. आमची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक समोर येतं आणि त्यांची वाट लागते. मी दोन्ही भाषांत शिकवते. ‘इलेक्ट्रॉन संरूपण’ हा शब्द त्यांना दहावीपासून माहीत असतो, फक्त तो आठवण्याइतका धीर उरलेला नसतो.

टॉवर आला त्या आठवड्यात आमच्या वर्गात सोडियम चालू होतं. मी फळ्यावर लिहिलं, दोन, आठ, एक. अकरा इलेक्ट्रॉनांपैकी दहा नीट बसलेले, शेवटचा एकटा बाहेरच्या कवचात.

“याला जागा नाही मिळाली,” पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली.

“मिळाली, पण लांबची. म्हणून त्याच्यावरची पकड ढिली. हायवेवर पूर्वी पिवळे दिवे होते, आठवतात?”

“हो ना. सगळ्यांची तोंडं कावीळ झाल्यासारखी दिसायची.”

“तो पिवळा याचाच. याला थोडी ऊर्जा मिळाली की हा वर चढतो, आणि परत खाली येताना तेवढाच प्रकाश टाकतो. पण अणू सोडत नाही. सोडून जायला त्याहून जास्त ऊर्जा लागते. ती मिळाली आणि हा निघून गेला, की झालं आयनीभवन.”

मागून एकाने विचारलं, “आणि पिवळेच दिवे हजार लावले तर?”

हा प्रश्न मला फार आवडतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच. मी म्हटलं, “सातव्या मजल्याच्या गच्चीवर चेंडू फेकायचाय. तू शंभर बारकी पोरं जमवलीस. प्रत्येकाचा चेंडू दुसऱ्या मजल्यापर्यंतच जातो. गच्चीवर किती चेंडू?”

“एक पण नाही.”

“पोरं हजार केली तर?”

“खालच्या काचा फुटतील, मॅडम.”

सगळे हसले. मी पण हसले. मग मी फळ्यावर एक लांब पट्टी काढली. डावीकडे रेडिओ, मोबाइल, मायक्रोवेव्ह, मध्ये आपल्याला दिसणारा प्रकाश, उजवीकडे अतिनील, क्ष-किरण, गॅमा. लहरींची वारंवारता वाढत जाते तशी एकेका तुकड्याची ऊर्जा वाढते. मी मध्ये एक उभी रेघ मारली आणि सांगितलं की साधारण इथून उजवीकडे इलेक्ट्रॉन सुटतो, डावीकडे नाही. मोबाइल टॉवर कुठे येतो? मुलं म्हणाली, डावीकडे. मी म्हटलं, शाब्बास.

हे बुधवारी. रविवारी दुपारी मी टॉवरविरुद्धचं पत्रक लिहिलं.

गच्चीवर टॉवर बसवायचं सोसायटीच्या चार-पाच कमिटी मेंबरांनी परस्पर ठरवलं होतं. सभा नाही, सही नाही, सूचना नाही. एका सकाळी क्रेन आली तेव्हा लोकांना कळलं. माझा संताप खरा होता. आमची घरं आम्ही वीस वर्षं भांडून मिळवलेली, आणि आमच्याच छताबद्दल आम्हाला विचारायला कोणी तयार नाही. हे आणि एवढंच लिहायला हवं होतं. मी तसं लिहिलंही. पप्पांनी वाचलं आणि कागद परत दिला.

“सगळं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण यासाठी कोण खाली येईल? न विचारता काम होतं याची लोकांना सवय आहे.”

त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. त्यांना लहरींमधलं काही कळत नव्हतं. कळत होतं ते मला. मी नवा कागद घेतला आणि वर मथळा लिहिला: ‘गच्चीवरचा किरणोत्सर्ग: तुमच्या घरात कॅन्सर कोण आणतंय?’ किरणोत्सर्ग हा शब्द मला वर्तमानपत्रातून मिळाला. तिथे तो सगळ्यालाच लावतात, टॉवरला पण आणि अणुभट्टीला पण. वर्गात मी हा शब्द टाळत असे, मुलांचा गोंधळ होतो म्हणून. पत्रकात मला तो गोंधळच हवा होता. जोडाक्षर असं की वाचतानाच भीती वाटावी. खाली लिहिलं: ‘किरणोत्सर्ग पेशी मारतो. किरणोत्सर्गापासून स्वतःला आणि कुटुंबाला दूर ठेवा.’ त्याखाली ती खरी ओळही लिहिली होती. तिच्यावर रेघ मारली.

पत्रक झकास चाललं. पहिल्या सभेला जिन्यावर उभं राहायला जागा नव्हती. मावशी सगळ्यात पुढे, हातात फलक. वाचता येणाऱ्या बायका आमच्याकडे बऱ्याच होत्या, पण ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द न अडखळता मोठ्याने म्हणणारी ती पहिली. पोरं तिला चिडवायची, “मावशी, म्हणून दाखव ना!” आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणायची. दीड महिन्यात टॉवर उतरला. आम्ही गुलाल उधळला. वर्गातल्या त्या मागच्या मुलाने मला बाजूला गाठून विचारलं, “मॅडम, पण टॉवर तर पट्टीच्या डावीकडे होता ना?” मी म्हटलं, “अरे, परीक्षेचं वेगळं आणि लढ्याचं वेगळं.” तो मान हलवून गेला. त्यानंतर तो वर्गाला फारसा आला नाही. कारण दुसरंही असेल.

पुढच्या वर्षी मावशीच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरच होता. ऑपरेशन झालं, नीट झालं. नंतर औषधांचे डोस झाले, केस गेले, ती डोक्याला ओढणी गुंडाळून दारात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, “बघ, मेकअपचा वेळ वाचला.” शेवटी डॉक्टरांनी लाईट घ्यायला सांगितली. हॉस्पिटलात सगळे तेच म्हणतात. केमो झाली, आता लाईट. तीन-साडेतीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. तिला वाटलं, बल्बसमोर बसवत असतील, शेकायला. तारीख मिळाली. तिचा मुलगा सुट्टी काढून तिला घेऊन गेला.

दोन तासांत दोघं परत आली. मुलगा सरळ आमच्या दारात.

“ताई, आता तूच बघ. ती आत पाय टाकायला तयार नाही. दारावरची पाटी वाचली आणि मागे फिरली.”

“कसली पाटी?”

“तीच ना. ‘किरणोत्सर्ग उपचार विभाग’.”

वर इंग्रजीतही लिहिलेलं होतं, पण ती वाचते मराठी. बाकांवर बसलेले सगळे पेशंट लाईट म्हणत होते, नर्स लाईट म्हणत होती, वॉर्डबॉय लाईट म्हणत होता. त्या सगळ्या गर्दीत पाटी वाचून थबकलेली बाई बहुधा एकटी आमची. तिला वाचायला मी शिकवलं नसतं तर ती मुकाट आत गेली असती.

मी तिच्या घरी गेले. ती कणीक मळत होती, उजव्या हाताने, डावा अजून वर जात नव्हता.

“ये गं. ऐकलंस? गच्चीवरून काढला आपण, आणि आता अंगात घेऊ?”

“मावशी, ते वेगळं आणि हे वेगळं.”

“शब्द तर एकच आहे.”

“शब्द एक असला तरी...”

“मी वाचला ना बोट ठेवून. कि-र-णो-त्सर्ग. तूच शिकवलेलं.” तिने हात पुसले, कपाट उघडलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीतून पत्रक काढलं. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. “हे बघ. ‘पेशी मारतो. कुटुंबाला दूर ठेवा.’ कुटुंब म्हणजे मी पण आले ना त्यात?”

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. मी चुकीचं लिहिलं. तीन शब्द, पाचवीतल्या पोराला जमतील असे. मी ते बोलले नाही. त्या पंधरवड्यात आमच्या भागातला पालिकेचा दवाखाना बंद करण्याविरुद्ध आमचं नवं पत्रक निघालं होतं, मोर्चा ठरला होता, आणि त्या पत्रकातला शब्दन् शब्द खरा होता. मी विचार केला, टॉवरचं पत्रक चुकीचं होतं असं मी आज म्हटलं तर उद्या लिफ्टपर्यंत पोचेल आणि परवा कमिटीपर्यंत. मग दवाखान्याच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवेल? हा विचार मला तेव्हा फार तत्त्वाचा वाटला.

“डॉक्टर सांगतात ते ऐक,” एवढं म्हणून मी उठले.

“डॉक्टर काय, कमिटीवाले पण सांगत होते काही होत नाही म्हणून,” ती म्हणाली. कणकेला तिने दोन बुक्के मारले.

मोर्चा झाला, चांगला झाला. मी रोज तिच्या दारावरून जात होते. “काय म्हणते तब्येत?” “मस्त. बघ, केस येतायत.” बारीक, काळे, मऊ केस आले होते. ती हात लावून बघायला सांगायची. तीन आठवडे गेले. मग एका रविवारी तिचा मुलगा जिन्यात भेटला आणि माझ्याशी बोलला नाही. नेहमी हाक मारणारा माणूस, तोंड फिरवून खाली गेला. मी तशीच मावशीच्या घरात शिरले आणि उभ्यानेच म्हटलं, “मावशी, मी चुकीचं लिहिलं होतं.”

ती लसूण सोलत होती. “काय?”

“टॉवरचं. त्याने कॅन्सर होतो असं मी लिहायला नको होतं. ती लहर बारकी असते, तिच्यात तेवढा जोरच नसतो.” मग मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. अणू, त्यातले इलेक्ट्रॉन, शेवटचा एकटा, पिवळे दिवे, बारकी पोरं आणि चेंडू. ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, “खिचडीच्या पातेल्याखाली हजार उदबत्त्या लावल्या तरी डाळ शिजायची नाही, असंच ना?” अगदी तसंच नाही, पण मी हो म्हटलं.

“आणि हॉस्पिटलातली?”

“ती मोठी. ती खरंच इलेक्ट्रॉन उडवते. पेशी खरंच मारते.”

“म्हणजे बारकीला आपण हाकललं आणि मोठी घ्यायची.”

“मारण्यासाठीच देतात, मावशी. जिथे गाठ होती तिथे राहिलेल्या पेशी मारायला. मोजून, तेवढ्याच जागेवर. बाकीच्याला जपून.”

तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. “तुला हे कधी कळलं?”

मला खोटं बोलता आलं असतं. “आधीच. लिहायच्या आधी. बुधवारी मुलांना शिकवलं होतं.”

मी वाट बघत होते की ती ओरडेल. ती म्हणाली, “मग मी कोणतं धरू? तेव्हाचं का आत्ताचं? दोन्ही तूच.”

“आत्ताचं.”

“नको. तोंडाने नको मला. तेव्हा छापून दिलंस, आता पण छापून आण. खाली तुझं नाव पाहिजे. मग जाते.”

मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. पप्पा आता रिटायर झालेत, पण घरात कागदाचा विषय निघाला की चष्मा लावतात. त्यांनी चष्मा लावला, काढला. पहिल्यांदाच त्यांना समजलं की मला आधीपासून माहीत होतं. ते रागावले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. फक्त म्हणाले, “एवढी वर्षं आपल्या पत्रकाची दुरुस्ती निघाली नाही कधी.” मग थोड्या वेळाने, “त्या बाईला समजव. पण अख्ख्या इमारतीला कशाला? कमिटी हा कागद फ्रेम करून लावेल. टॉवर परत येईल.” टॉवर परत येईल हे खरं होतं. बाकीचंही मला सोयीचं वाटलं.

मी दुरुस्ती लिहिली. सोपी, जाड अक्षरात. टॉवरच्या लहरी आणि उपचाराचे किरण यांत फरक काय, मी काय चूक केली, डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे किंवा लाईट कोणी टाळू नये. खाली माझं नाव. मग स्टेशन रोडच्या डीटीपीवाल्याकडे गेले.

“किती काढू?” त्याने विचारलं. “नेहमीसारखं, पाचशे?”

“एक.”

“एकच?” तो हसला. “ताई, एकाला पत्रक नाही म्हणत. एकाला चिठ्ठी म्हणतात.”

“एकच काढ.”

मावशीने ते दारात उभं राहून वाचलं. बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत, माझ्या नावासकट. मध्ये ‘आयनीभवन’ला अडली, मी सांगायला गेले तर हाताने थांबवलं आणि शब्द स्वतःच लावला. मग घडी घालून तिने ते जुन्या पत्रकाच्याच प्लॅस्टिकमध्ये सरकवलं. “सगळ्यांना वाटलंस ना?”

मी मान हलवली. होकारार्थी.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत हॉस्पिटलात गेले. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, दमलेल्या. फाइल चाळून त्यांनी विचारलं, “तारीख कधीची होती? इतके दिवस कुठे होता तुम्ही?”

मी बोलायला तोंड उघडलं, असं मला आठवतं. कदाचित नसेलही उघडलं.

“गावाला गेले होते,” मावशी म्हणाली. “भावाच्या पोरीचं लग्न.”

“लग्न महत्त्वाचं की जीव महत्त्वाचा? असं मध्येच सोडून चालत नाही मावशी. एवढं ऑपरेशन केलं ते फुकट घालवायचंय का?”

“चुकलं,” ती म्हणाली, शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मी खुर्चीमागे तिची पिशवी धरून उभी होते. मोर्चात पोलिसांपुढे आवाज चढवणारी मी.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “का खोटं बोललीस?”

“मग काय सांगू? पोरीने कागदावर लिहिलं म्हणून आले नाही? तुला ओरडली असती ती.” मग हसून, “आणि मला पण येड्यात काढलं असतं. वाचता येतं तर ही अशी.”

मी डॉक्टरांना एकटीच भेटले ते पुढच्या आठवड्यात. उशिराने किती बिघडलं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, एकेका माणसाचं असं सांगता येत नाही, आता चुकवू नका म्हणजे झालं. लग्नाचं खोटं आहे हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

तिने एकही दिवस चुकवला नाही. छातीवर शाईच्या खुणा केल्या होत्या, त्या पुसू नयेत म्हणून जपून अंघोळ करायची. कातडी काळवंडली, मग सोलवटली. ती म्हणायची, “तुझे चेंडू पोचतायत बघ गच्चीवर.” शेवटच्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा खाली लिफ्टसाठी रांग होती. पाचव्या मजल्यावरची एक बाई पुढे उभी होती, खोकत होती. तिने मावशीला विचारलं, “झाली का हो लाईट? मला तर ऐकूनच भीती वाटते. आपण ते काढलं होतं ना, किरणोत्सर्ग.”

“अगं ते दुसरं पत्रक वाचलं नाहीस?” मावशी म्हणाली. “हिने काढलं ते.”

“कोणतं?”

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी लिफ्टच्या आकड्याकडे बघत होते. तिने रांगेतल्या आणखी दोघांना विचारलं. त्यांनीही वाचलेलं नव्हतं. वर आल्यावर स्वतःच्या घरात गेली आणि तो प्लॅस्टिकमधला कागद घेऊन आली. माझ्या हातात दिला.

“किती काढले होते?”

“एक.”

“माझ्यापुरता.”

“हो.”

“मला गप्प करायला.” तिने एवढंच म्हटलं. आवाज चढवला नाही. “जा. बाकीचे काढून आण. मी बसते इथे.”

ती खरंच बसली, आमच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर, खांद्यावरचा पदर कातडीला लागू नये म्हणून हाताने धरून. मी डीटीपीवाल्याकडे गेले. यावेळी त्याने काही विचारलं नाही. परत आले तेव्हा ती माझ्यासोबत उठली. मी म्हटलं, तू दमलीस, मी वाटते. ती म्हणाली, “वाटशील. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांना सांगणार कोण काय लिहिलंय ते?”

सातव्या मजल्यापासून सुरुवात केली. बहुतेकांनी कागद घेतला आणि दार लावलं. एकाने मोठ्याने हसून आत हाक मारली, “अगं ऐक, टॉवर चांगला होता म्हणे!” मी सांगायला लागले की टॉवर न विचारता बसवला ही तक्रार आजही तशीच आहे. त्याने ऐकलं नाही. त्याचं बरोबर होतं. तो मुद्दा मीच मारला होता.

पाचव्या मजल्यावर ती खोकणारी बाई दारात आली. मावशीने कागद तिच्यापुढे धरला आणि सगळा मोठ्याने वाचला. ‘डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे कोणी टाळू नये’ इथे त्या बाईने तिला थांबवलं.

“परत म्हणा.”

मावशीने परत म्हटलं.

“मला दोनदा सांगितला होता छातीचा,” ती म्हणाली. “दिवाळीच्या आधी. मी नाही काढला. म्हटलं एवढं पत्रकात लिहिलंय तर उगाच कशाला. औषधावरच आहे.” होळी होऊन गेली होती. ती मावशीशी बोलत होती, माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. मग तिने कागदाखालचं नाव पाहिलं आणि माझ्याकडे वळली. “मग ताई, तेव्हाच का नाही लिहिलं हे? तेव्हा माहीत नव्हतं तुम्हाला?”

मावशी मध्ये पडली नाही.

“माहीत होतं,” मी म्हटलं. “लिहिलं होतं. मग खोडलं.”

तिला खोकला आला आणि ती तोंडावर पदर धरून आत वळली. दार तिने लावलं नाही. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, कागद चाळल्याचा आवाज आला. डॉक्टरची जुनी चिठ्ठी शोधत होती. आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो.